खोकल्यांचा मध्यक

माधवनगर, १७ जून २०२४

चि. सन्मतीस अनेक आशीर्वाद.

पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. तुझ्याशी बोलणार नाही, एवढंच मी बस्तीच्या गाभाऱ्यात भगवंतांसमोर हात जोडून म्हटलं होतं. लिहिणार नाही असं म्हटलं नव्हतं. ही गोष्ट मला काल जेवताना सुचली आणि घास हातातच राहिला. इतके दिवस उगाच तोंड शिवून बसलो.

परवा आपले उपाध्ये पूजा आटोपून दुकानावरून चालले होते. थांबले, म्हणाले, "आप्पा, नियम नेमका काय घेतलाय तुम्ही?" मी सांगितलं, "हे आमचं दुकान, चंदना पुस्तकालय, चालू आहे तोवर सन्मतीशी बोलायचं नाही." ते हसले. रागात घेतलेला नियम आहे, प्रायश्चित्त घेऊन सोडता येतो म्हणाले. मी म्हटलं, आमच्या घरात ती पद्धत नाही. तुझ्या आईनं सूर्य बुडाल्यावर तोंडात पाणीही घ्यायचं नाही असं ठरवलं होतं, ते शेवटच्या आजारात दवाखान्यातही पाळलं. डॉक्टर चिडले, नर्स चिडली, मीही चिडलो. ती आपली विचारायची, उजाडलं का हो? तिनं तसला नियम पाळला आणि मी माझा महिन्याभरात मोडू? कुठल्या तोंडानं तिच्या फोटोसमोर उभा राहू?

राग मात्र आहे. तो लिहून टाकतो म्हणजे पोट हलकं होईल. अक्षय तृतीयेला तू साताऱ्याहून आलीस. उसाचा रस प्यालो. मग माझा मोबाईल घेऊन तू त्यात काहीतरी भरलंस आणि म्हणालीस, "आप्पा, पुस्तक झालं माझं. बी.कॉम. पहिलं वर्ष, सांख्यिकी, मराठीतून." माझी छाती अशी फुगली म्हणून सांगू. विचारलं, किंमत काय ठेवलीस? तू म्हणालीस, "किंमत नाही. कुणीही वाचावं, उतरवून घ्यावं, छापावं, हवं तर त्यात भर घालावी. ज्याचं घेतलं त्याचं नाव तेवढं लिहावं. मी शिकवते त्या वर्गातली निम्मी पोरं पुस्तकावाचून बसतात." बाप उभा जन्म कॉलेजची पुस्तकं विकतोय आणि मुलगी त्याच्याच पाटावर बसून सांगते, किंमत नाही! मी म्हटलं, तुझं हे पुस्तक वर्षात बुडेल आणि माझं दुकान चालेल. तू म्हणालीस, दोन्ही चालू दे की. तुझ्या त्या शांत बोलण्यानं माझं डोकं जास्त फिरलं. तसाच चपला घालून बस्तीत गेलो आणि नियम घेऊन आलो.

आता ऐक जूनची गंमत. पुण्याच्या प्रकाशकाचं सांख्यिकी मी नेहमीप्रमाणे मागवलं. गठ्ठे सुतळीसुद्धा न सोडता पडून आहेत. पोरं येतात, वही घेतात, पेन घेतात आणि मोबाईल पुढे धरून मलाच विचारतात, "काका, ह्येची झेरॉक्स कुठं मिळंल?" मलाच! मी समोर बोट दाखवतो. समोर आकारामच्या झेरॉक्सपुढे रांग लागली आहे. काल त्यानं मला चहा पाठवला. वर निरोप, "आप्पा, तुमच्या लेकीनं आमचं लय भलं केलं बगा." चहा गोड होता. मी तो परत पाठवणार होतो, पण पोरगा कप ठेवून पळून गेला.

तुझा रविवारचा फोन येतो, तो मी उचलतो. बस्तीतून आल्यावर दहा वाजता. त्यावर आपलं खोकल्याचं जे चाललंय ते बरं चाललंय. एक खोकला म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. गोळी घेतली का, एक. गुडघा दुखतो का, दोन. खोटं बोललो त्या वेळी, गुडघा दुखतो.

तुझा,
आप्पा


माधवनगर, ८ जुलै २०२४

चि. सन्मती,

कालच्या फोनबद्दल लिहायला बसलो आहे.

तू नेहमीसारखं बोलत होतीस. शाहूपुरीतल्या खोलीचं छत गळतं, मालक बघतो बघतो म्हणतो, वर्गात गुणाकार न येणारी मुलं आहेत आणि तीच सर्वात जास्त प्रश्न विचारतात. मी ऐकत होतो. मग तू एकदम थांबलीस. म्हणालीस, "आप्पा, एक शब्द बोला. कुठलाही. नुसतं हं म्हणा. मला इथं दिवसभर वर्गात बोलून संध्याकाळी खोलीत कुणी नसतं, आणि रविवारी मी भिंतीशी बोलते." पुढं म्हणालीस, "नाही बोललात तर मी फोन करायची नाही." आणि वाट पाहिलीस. मला तुझ्या खोलीतल्या पंख्याचा आवाज येत होता, त्याला तेल घालायला हवं आहे. मी खोकलोसुद्धा नाही. खोकलो असतो तर ते हो झालं असतं की नाही, हेच मला त्या क्षणी ठरवता येईना.

मग तू ठेवलास.

सन्मती, नियम असा असतो. तो घेताना तोंड गरम असतं आणि पाळताना घर गार पडतं. तुझ्या आईला हे माहीत होतं, म्हणून ती नेहमी शांत डोक्यानं नियम घ्यायची. मला नाही जमलं.

आमचं जेवण दिवस बुडायच्या आत उरकतं, हे तुला माहीत आहेच. पूर्वी तू आणि आई होतात तेव्हा त्यानंतर गप्पा असायच्या. आता ताट धुऊन पालथं घातलं की बाहेर अजून उजेड असतो आणि करायला काहीच नसतं. मी ओसरीवर बसतो. येणारे जाणारे, "काय आप्पा, जेवण झालं?" विचारतात. झालं म्हणतो. दिवसातलं माझं तेवढंच बोलणं, दुकानातलं सोडून. आणि दुकानात आता बोलायला कोण येतं?

तू फोन करणार नाहीस हे मी धरून चाललो आहे. पण दहा वाजता मी मोबाईल जवळ ठेवीन. त्याला काही तू हरकत घेऊ शकत नाहीस.

आप्पा


माधवनगर, २ ऑगस्ट २०२४

चि. सन्मती,

तीन रविवार गेले. पत्राला उत्तर नाही. बरं, तूही माझीच मुलगी.

आज तुला टोचायला लिहितो आहे, तुझ्या फुकटच्या पुस्तकात भोक आहे. मला ते सापडलं.

दुकानात एक मुलगी आली, माया नावाची. जत तालुक्याची, इथं वसतिगृहात राहते. वडील धनाजी, मेंढरं घेऊन दूर गेलेत. वही घेतली आणि उभी राहिली. मी विचारलं, आणखी काय? म्हणाली, "आवं काका, तुमच्या मोबाईलवर ते सांख्यिकीचं पुस्तक हाय का? दोन पानं बगू का? आमच्या घरात एकच फोन, तो बा संगं मेंढराकडं गेलाय. मैत्रिणीचा मागून किती मागायचा? झेरॉक्सला पैसं न्हाईत." मी म्हटलं, माझ्याकडं कुठून असणार. मग आठवलं, अक्षय तृतीयेला तू माझ्या मोबाईलमध्ये काय भरलं होतंस. उघडलं. होतं.

तिला स्टूल दिलं. गल्ल्याशेजारी बसून तिनं दोन पानं हातानं उतरवली. दुसऱ्या दिवशी परत आली. आता रोज येते. मध्येच म्हणाली, "ह्या म्याडम लय सोपं लिवत्यात. तुमी वळखता व्हय ह्यांना?" मी म्हटलं, दुकानदाराला सगळे लेखक माहीत असतात.

तर हे असं आहे. तुझं पुस्तक फुकट, पण ते वाचायला मोबाईल पाहिजे, आणि मोबाईल मेंढरांबरोबर डोंगरात. आता काय म्हणतेस? पहिल्या दिवशी मला फार आनंद झाला. दुसऱ्या दिवशी जरा कमी. तिसऱ्या दिवशी मायाचं बोट दुखत होतं, ती ते मध्येच झटकायची, आणि मला काही आनंद होईना.

म्हणून मी तुझं पुस्तक वाचायला घेतलं. इतकी वर्षं सांख्यिकी विकलं, वाचलं कधी नव्हतं. मध्यकाच्या धड्यात तू विजेच्या दिव्यांच्या आयुष्याचं उदाहरण दिलं आहेस. सांगलीत वाढून दिव्यांचं आयुष्य कोण मोजतं गं? हळदीच्या सौद्याला जा. एका ढिगाला चढा भाव लागतो, तो गावभर सांगतात. त्या एका ढिगानं सरासरी फुगते आणि घरी बसलेला शेतकरी समजतो आपल्यालाही तोच भाव मिळणार. सगळे ढीग भावाप्रमाणे ओळीनं लाव आणि मधला बघ, म्हणजे खरं कळतं. हे उदाहरण पोरांना एका फटक्यात समजेल. मायाला समजलं. घे हवं तर. नको असेल तर राहू दे, तुझे दिवे आहेतच.

आणखी एक. आईला जाऊन चार वर्षं होतील. पर्युषण पर्वात तिच्या नावानं आपण दर वर्षी शास्त्रदान करतो, स्तोत्राचं पुस्तक छापून वाटतो. यंदा मी तुझं पुस्तक छापायला दिलं आहे. छापखान्यात भरतेश विचारू लागला, परवानगी आहे का? मी त्याला तुझं पहिलं पान दाखवलं. कुणीही छापावं, नाव लिहावं. मग तुला कशाला विचारू? आत आईचा फोटो टाकला आहे, निळ्या काठाच्या साडीतला. हे मी तुझ्यासाठी करत नाहीये, एवढं लक्षात ठेव.

आप्पा


माधवनगर, १९ सप्टेंबर २०२४

सन्मती,

पर्व संपलं. त्यातल्या उत्तम त्यागाच्या दिवशी बस्तीत पुस्तकं वाटली. गठ्ठे सोडले तेव्हा शाईचा ताजा वास आला. मला इतकं बरं वाटलं की मी भरतेशच्या पाठीत थाप मारली. पहिल्या पानावर, "शास्त्रदान. कै. सौ. चंदनबाला तवनाप्पा आवटी यांच्या स्मरणार्थ." त्याखाली आई. आणि मुखपृष्ठावर तुझं नाव, दोघी एकाच पुस्तकात. लोकांनी दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. सगळ्या प्रती संपल्या. मी घरी येऊन ओसरीवर बसलो आणि म्हटलं, चंदना, झालं बघ.

काल क्षमावाणी होती. तुला आठवतं ना, त्या दिवशी आपल्या घरी फोन कसा थांबायचा नाही. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं सगळे सगळ्यांना म्हणतात. सकाळपासून माझाही फोन वाजत होता. कोथळीचे, कुंभोजचे, इचलकरंजीचे पाहुणे. ज्यांना मी कधी दुखावलंही नाही, इतकी ओळख नाही, ते सगळे क्षमा मागत होते. मी प्रत्येकाला म्हणत होतो, मलाही क्षमा करा. बोलता बोलता घसा बसला. दर वेळी फोन वाजला की नाव बघायचो.

तुझं नव्हतं.

मीही केला नाही. तो नियम. बस्तीत उपाध्ये माझ्याकडे बघत होते, मी खाली बघत होतो. एक माणूस सोडून साऱ्या जगाची मी क्षमा मागून बसलो आहे आणि नेमकं तेच एक माणूस मला हवं आहे.

पत्र पोचेल तेव्हा दिवस उलटून गेलेला असेल. तरी लिहितो. क्षमा कर, बाळ. मला तुझी फार आठवण येते.

आप्पा


माधवनगर, १४ ऑक्टोबर २०२४

चि. सन्मती,

आज तुला हसवतो. हसलीस तरी मला ऐकू येणार नाही, पण हस.

पुस्तकं वाटून महिना होत आला तरी मायाच्या वर्गात एकाही पोराच्या हातात प्रत नाही. ती स्वतः अजून माझ्या मोबाईलवरून उतरवतेच आहे. तिच्यासाठी एक ठेवायला हवी होती, पण कपाळाला लावणारे हात बघून माझं भानच गेलं. मी म्हटलं, गेली कुठं सगळी? शोधत निघालो.

पहिली बस्तीतच सापडली. उपाध्यांनी एक गठ्ठा लाल कापडाच्या वेष्टनात बांधून, वर दोरा गुंडाळून, शास्त्रांच्या कपाटात ठेवला आहे. कपाटाला कुलूप. मी म्हटलं, अहो, आत सांख्यिकी आहे. ते म्हणाले, "शास्त्रदानात आलेलं आहे ना? मग शास्त्रच." मग घरोघर गेलो. सगळीकडे तेच. पर्वात बस्तीत कोण असतं? माझ्या वयाची माणसं. कुणी देव्हाऱ्यात ठेवलंय, कुणी रोज अक्षता वाहतंय. दानाचं पुस्तक इकडे तिकडे टाकायचं नाही, पायाला लागू द्यायचं नाही, हे आम्हीच एकमेकांना जन्मभर सांगत आलो. मलासुद्धा वाटताना हे सुचू नये! कॉलेजचं पुस्तक बस्तीत वाटणारा सांगलीत मी पहिलाच असेन.

शेजारच्या धोंडुबाईंना मी प्रसादाबरोबर एक प्रत दिली होती. त्यांच्या खंडोबाशेजारी ती उभी. मुखपृष्ठावर हळदकुंकू. म्हणाल्या, "आंगूळ झाली की रोज दोन पानं वाचती मी. आता मध्यक चाललाय." मी विचारलं, समजतं का? "न्हाई वं. लय अवगड हाय. पर फोटूतली चंदना बगते, मग वाचती. ती शेजारी बसल्यावानी वाटतंय." मीही रोज तो फोटो बघतो, पण पुस्तक हातात धरून मोठ्यानं वाचावं हे मला सुचलं नव्हतं.

दिलेलं दान परत मागता येत नाही. म्हणून मी नुसतं सांगितलं, हे पुस्तक कॉलेजच्या पोरांचं आहे. धोंडुबाई माझ्यावरच घसरल्या. "मग मला कशाला दिलंसा? मी काय कालेजात जाती व्हय? आदी सांगायचं न्हाई?" त्यांनी चंदनाचा फोटो तेवढा मागितला. मी पान नीट कापून दिलं. मग पुस्तक पदराखाली घेऊन त्या माझ्याबरोबर दुकानात आल्या, मायाला पाटावर बसवलं, कुंकू लावलं आणि म्हणाल्या, "घे बाय. पास झालीस की दुसरीला दे. कुटं फेकू नगंस, लय मोठ्या बाईचं हाय." माया वाकून पाया पडली.

तिथून मला वाट सापडली. परत मागायचं नाही, पुढं द्यायला सांगायचं. रविवारी पूजा झाल्यावर म्हातारी माणसं आपापली प्रत घेऊन दुकानात आली. उपाध्यांनी कपाटाचं कुलूप काढलं, वेष्टनं सोडली. पोरं गठ्ठ्यांवर बसली होती, त्या न सुटलेल्या पुण्याच्या गठ्ठ्यांवर. प्रत्येकानं आपल्या हातानं एकेका पोराला दिलं. कुणाचं गाव कुठलं, वडील काय करतात, चौकशा झाल्या. दुकानात इतका आवाज कित्येक महिन्यांत नव्हता.

सगळे गेल्यावर मी केर काढला. नेमके तेव्हाच दहा वाजले.

आप्पा


माधवनगर, २५ नोव्हेंबर २०२४

सन्मती,

माझी पत्रं तू वाचतेस. मला कळलं.

शनिवारी पोरं दुकानात जमली होती. आता ती रोजच जमतात, अभ्यास करतात, मी ओरडत नाही. एकाच्या मोबाईलवर पुस्तकाची नवी आवृत्ती आली होती. माया ओरडली, "काका, हळदीचं गणित आलंय! तुमी सांगितल्यालं!" मी चष्मा शोधू लागलो, तो डोक्यावरच होता. पुस्तकातले दिवे गेले होते. हळदीचे ढीग आले होते, ओळीनं लावलेले. खाली बारीक अक्षरात, "उदाहरण: तवनाप्पा आवटी, सांगली."

तीस वर्षं मी दुसऱ्यांची नावं छापलेली पुस्तकं विकली. माझं नाव फक्त पावतीवर असायचं.

मग पोरं हसायला लागली. पुढचं गणित वाचत होती. "एका मुलीचे वडील फोनवर बोलत नाहीत, फक्त खोकतात. काही रविवारचे खोकले असे: ७, ५, ९, ६, ८, ७, ०. सरासरी व मध्यक काढा. वडिलांविषयी कोणतं माप अधिक खरं सांगतं?" एक जण म्हणाला, "कसला बा असंल रं ह्यो!" दुसरा म्हणाला, "शेवटच्या रविवारी मेला असंल, म्हणून शून्य." मायानं माझ्याकडे पाहिलं आणि त्याला गप्प केलं. तिला कधी कळलं कोण जाणे.

मी वही घेऊन ओसरीवर बसलो आणि गणित सोडवलं. सरासरी सहा येते. मध्यक सात. ते एक शून्य सरासरी खाली ओढतं, पण मधल्याला त्याचा धक्का लागत नाही. मी पुन्हा करून पाहिलं. सातच.

म्हणजे त्या रविवारी मी खोकलोसुद्धा नाही, ते तू विसरली नाहीस. पण तेवढ्यावरून तू बापाला मोजत नाहीस. असंच ना? की मी मला बरं वाटेल असं उत्तर काढतोय? शेवटच्या पानावर उत्तरं दिली आहेत, ती पाहिली. या गणिताचं नाही.

मी बराच वेळ रडलो. लपवून काय करू.

आता माझं ठरलं आहे. दुकान बंद करतो. उपाध्ये पुन्हा म्हणाले, प्रायश्चित्त घ्या, दुकान कशाला मोडता? मी म्हटलं, नाही. नियमात पळवाट काढून मी तुझ्याशी बोललो तर तो पहिला शब्दच खोटा ठरेल. गठ्ठे पुण्याला परत पाठवतो. पाटी उतरवतो. जागा बस्तीच्या कमिटीला दिली, पोरांनी बसावं, पुस्तकं घ्यावीत, पुढं द्यावीत. किल्ली त्यांच्याकडे. भरतेश म्हणाला, आप्पा, तुम्ही हरलात. मी त्याला म्हटलं, हो. माझ्याच पोरीनं हरवलं, दुसऱ्या कुणाला जमलं नसतं.

पाटीवर आईचं नाव आहे, म्हणून ती उतरवताना वाईट वाटणार. पण तिला विचारलं असतं तर तिनं अक्षय तृतीयेच्या दुसऱ्याच दिवशी उतरवायला लावली असती.

आठ डिसेंबरला रविवार आहे. दहा वाजता मी फोन करीन. उचल. तू काही बोलली नाहीस तरी चालेल, तसा अधिकार मीच तुला दिला आहे.

आप्पा


माधवनगर, ९ डिसेंबर २०२४

चि. सन्मती,

कालच्या फोननंतर पत्राची गरज नाही हे मला कळतं. पण हात सवयीनं कागदाकडे गेला. आणि फोनवर सांगायचं राहिलेलंही आहेच.

शनिवारी पाटी उतरवली. मायानं आणि पोरांनी धरली, मी खाली उभा होतो. आकारामनं आपलं दुकान तेवढा वेळ बंद ठेवलं. मी त्याला चहा पाठवला.

रविवारी बस्तीत जाऊन हात जोडले, नियम पुरा झाला म्हणून सांगितलं. घरी आलो. फोन लावला. तू उचललास. मी "सन्मती" म्हणालो. त्यापुढं रात्रभर जुळवून ठेवलेलं एकही वाक्य येईना. तुझा पंखा ऐकू येत होता, अजून तेल घातलेलं नाहीस. मग तुझा कुकर शिट्ट्या द्यायला लागला. एक, दोन, तीन. तू म्हणालीस, "आप्पा, ठेवू नका. कुकर बंद करून येते."

मी धरून बसलो. तू गेलीस तेवढ्या वेळात भांडं पडल्याचा आवाज आला, नळ सुटल्याचा आला. तू चेहरा धूत होतीस, मला कळलं. तुझ्या घरातले आवाज मी कधी इतके ऐकले नव्हते.

परत येऊन तू विचारलंस, "पुढच्या रविवारी येऊ का?"

सन्मती, ज्यासाठी दुकान बंद केलं ते बोलायची वेळ हीच होती. आणि मला नुसता खोकला आला. एकच.

तू हसलीस. म्हणालीस, "एक म्हणजे हो. आठवतं मला."

तेव्हा ये. वाटेत कऱ्हाडला वेळ घालवू नकोस. सूर्य बुडायच्या आत पोच, म्हणजे दोघांना बरोबर जेवता येईल.

तुझा,
आप्पा